‘आय ॲम नोइंग’ येतं कुठून? – इंग्रजी चालू वर्तमानकाळ आणि आपलं ‘आहे’

फळाखडू

चालू वर्तमानकाळाचं सूत्र पाचवीतल्या पोरालाही पाठ असतं: कर्ता, मग ॲम-इज-आर, मग क्रियापदाला आयएनजी. तरी नोकरी लागली तरी ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग’ काही सुटत नाही. चूक सूत्रात नसतेच मुळी. आपण ‘आहे’ दिसलं की इज ठेवतो, ‘-तोय’ ऐकू आलं की आयएनजी चिकटवतो. गडबड तिथे आहे.

मराठीतलं ‘आहे’ किती कामांना जुंपलेलं असतं बघा:

तो जेवतो आहे – ‘ही इज ईटिंग’. इथे ठीक.
तो गेला आहे – ‘ही हॅज गॉन’. इथे इज नाही, हॅज.
तो बसला आहे – ‘ही इज सिटिंग’. रूप ‘गेला आहे’सारखंच, पण इंग्रजीत आयएनजी.
मला माहीत आहे – ‘आय नो’. ॲम नाही, आयएनजी नाही.
मला दोन भाऊ आहेत – ‘आय हॅव टू ब्रदर्स’.
मी सहमत आहे – ‘आय ॲग्री’. ‘आय ॲम ॲग्री’ हा आपल्याकडचा प्रसिद्ध प्रकार. इथे ‘आहे’चं इज करून झालेलं असतं, पण ॲग्री हे स्वतःच क्रियापद आहे, त्याला आहे-नाहीची गरज नाही.

म्हणजे ‘आहे’ बघून इंग्रजी काळ ठरवता येत नाही. मराठी वाक्य नेमकं काय सांगतंय ते बघावं लागतं: क्रिया घडते आहे, स्थिती आहे, की नुसतं असणं आहे. या धाग्यात तेवढंच उलगडू या. ‘सूत्र पाठ करा’ असले प्रतिसाद नकोत.

अनुस्वार

सूत्र पाठ असतं हे खरं, पण स्पेलिंगला माणसं अडखळतात, म्हणून आधी तेवढं उरकून घेतो.

शेवटी न उच्चारलेला ई असेल तर तो गळतो: मेक–मेकिंग, कम–कमिंग, राइट–रायटिंग. ‘रायटिंग’मध्ये दोन टी घालणारे असंख्य आहेत. कारण रिटन या रूपात दोन टी असतात आणि ते डोळ्यात बसलेले असतात. रायटिंगला एकच. डबल ई असेल तर काहीच गळत नाही: सीइंग, ॲग्रीइंग.

एक स्वर आणि त्यापुढे एकच व्यंजन असं छोटं क्रियापद असेल तर शेवटचं व्यंजन दुप्पट: रन, सिट, कट, स्टॉप, स्विम. दोन स्वर असतील (रीड, रेन, कुक) किंवा दोन व्यंजनं (हेल्प, सिंग) तर दुप्पट नाही. डब्ल्यू, एक्स आणि वाय कधीच दुप्पट होत नाहीत: स्नोइंग, फिक्सिंग, प्लेइंग.

दोन अवयवांच्या (सिलॅबल्सच्या) शब्दांत आघात कुठे आहे ते बघायचं. बिगिन, फर्गेट, प्रिफर यांत शेवटच्या अवयवावर जोर, म्हणून व्यंजन दुप्पट. ओपन, लिसन, व्हिजिट यांत पहिल्यावर जोर, म्हणून एकच. ट्रॅव्हल मात्र ब्रिटिश पद्धतीत दोन एलने लिहितात, अमेरिकन पद्धतीत एकाने. दोन्ही बरोबर, फक्त एकाच लेखात दोन्ही नकोत.

आयई शेवटी असेल तर त्याचा वाय होतो: लाय–लाइंग, टाय–टाइंग, डाय (मरणे)–डाइंग. कापड रंगवण्याच्या डायमध्ये मात्र ई राखतात, नाहीतर रंगारी मरायला टेकलाय असा अर्थ निघेल. वाय शेवटी असेल तर तो तसाच राहतो: स्टडीइंगमध्ये वायही हवा आणि आयही. मुलं एक गाळतात.

होप आणि हॉप हे जोडीनं शिकवावं. ‘होपिंग’ला एक पी, ‘हॉपिंग’ला दोन. एका पीच्या फरकाने माणूस आशा करायचा थांबतो आणि लंगडी घालायला लागतो.

दुपारचा_चहा

फळाखडू, ‘बसला आहे’चा मुद्दा सोन्यासारखा आहे, तो पुरेसा कुणी शिकवत नाही. परीक्षेत चित्राचं वर्णन येतं तेव्हा हीच चूक हमखास सापडते. ‘अ मॅन हॅज सॅट ऑन द बेंच’, ‘शी हॅज वोर्न अ ग्रीन सारी’. व्याकरणाच्या पुस्तकात बघितलं तर वाक्याची रचना निर्दोष. फक्त चित्रात दिसतंय ते असं सांगत नाहीत.

कारण मराठी ही स्थिती ‘झालेल्या क्रिये’तून दाखवते. बसण्याची क्रिया झाली, आता तो बसलेला आहे. इंग्रजी त्या स्थितीलाच चालू क्रिया मानते. यादी करूनच ठेवावी:

बसलाय – इज सिटिंग
उभा आहे – इज स्टँडिंग
झोपलीय – इज स्लीपिंग
आडवा पडलाय – इज लाइंग
भिंतीला टेकलाय – इज लीनिंग
चष्मा घातलाय, साडी नेसलीय – इज वेअरिंग
हातात छत्री धरलीय – इज होल्डिंग
फांदीला लटकलाय – इज हँगिंग

आता गंमत बघा. मराठीत ‘ती झोपलीय’ आणि ‘ती झोपतेय’ वेगळं. पहिलीत डोळे मिटलेले, दुसरीत अजून उशी सारखी करतेय. इंग्रजीत ‘शी इज स्लीपिंग’ म्हणजे झोपलीय. झोपायची तयारी चालली असेल तर ‘शी इज गोइंग टु बेड’, डोळा लागत असेल तर ‘शी इज फॉलिंग अस्लीप’. तसंच ‘साडी नेसतेय’ म्हणजे निऱ्या घालणं चालू आहे, ते ‘शी इज पुटिंग ऑन अ सारी’. वेअरिंग म्हणजे नेसून झालेली.

नदीकाठ

माझी अडचण यापुढची आहे. ‘मला ऐकू येतंय’, ‘मला दिसतंय’, ‘मला समजत नाहीये’, ‘मला वाटतंय’. मराठीत ही सगळी सरळ चालू रूपं. मग इंग्रजीत आयएनजी का चालत नाही? प्रत्येक वेळी ‘स्टेटिव्ह व्हर्ब्ज’ (स्थिती दाखवणारी क्रियापदं) नावाची चाळीस शब्दांची यादी पाठ करायची का?

फळाखडू

यादीची गरज नाही. तुमच्या चारही वाक्यांत काय समान आहे? ‘मला’. मराठीत माणूस जिथे क्रिया करत नाही, त्याला काहीतरी होतं किंवा जाणवतं, तिथे आपण ‘मी’ म्हणत नाही, ‘मला’ म्हणतो. मला समजतं, मला आठवतं, मला आवडतं, मला हवंय, मला माहीत आहे, मला दिसतं, मला वाटतं. इंग्रजीची आयएनजी न घेणारी बहुतेक क्रियापदं नेमकी इथेच बसतात: अंडरस्टँड, रिमेंबर, लाइक, वॉन्ट, नो, सी, थिंक. ‘मला’ दिसलं की आयएनजीवरचा हात काढायचा. ही खूण मराठी माणसाला आयती मिळाली आहे. ती वापरायची सोडून आपण परक्यांसाठी केलेल्या याद्या घोकतो.

आणि दिसण्या-ऐकण्याला इंग्रजी ‘कॅन’ लावते. फोनवर ‘आर यू हिअरिंग मी?’ असं विचारतात, तिथे ‘कॅन यू हिअर मी?’ हवं. ‘माझी स्क्रीन दिसतेय का?’ – ‘कॅन यू सी माय स्क्रीन?’ ‘जळका वास येतोय’ – ‘आय कॅन स्मेल समथिंग बर्निंग’. ‘नाव आठवत नाहीये’ – ‘आय कान्ट रिमेंबर द नेम’.

तिरकस_रेघ

खूण छान आहे, पण इतकी घट्ट नाही. मला कंटाळा येतोय, मला झोप येतेय, मला मजा येतेय, मला उशीर होतोय. ही सगळी ‘मला’ची वाक्यं आणि इंग्रजीत बिनधास्त आयएनजी: ‘आयम गेटिंग बोर्ड’, ‘आयम फीलिंग स्लीपी’, ‘आयम एन्जॉइंग इट’, ‘आयम गेटिंग लेट’.

उलट बाजूनेही ती तुटते. ‘ही पिशवी माझी आहे’, ‘त्यात पाच किलो तांदूळ मावतात’, ‘ते हवामानावर अवलंबून आहे’. यात मला कुठेच नाही, तरी बिलाँग, कंटेन, डिपेंड या क्रियापदांना आयएनजी लागत नाही. ‘इट इज डिपेंडिंग ऑन’ कचेऱ्यांतल्या ईमेलमध्ये रोज दिसतं.

फळाखडू

मान्य. मग खुणेला दुरुस्ती जोडू. ‘मला … येतोय / होतोय’ असेल, म्हणजे काहीतरी वाढतंय, बदलतंय, चढतंय, तर आयएनजी चालते, आणि बहुतेक वेळा गेटिंग किंवा फीलिंग कामाला येतं. ‘मला ताप येतोय’ – ‘आयम गेटिंग अ फीव्हर’. ‘मला ताप आहे’ – ‘आय हॅव अ फीव्हर’. नुसतं कळणं, आवडणं, हवं असणं यांत वाढ-बदल नाही, तिथे नाही. (‘गेटिंग लेट’बद्दल एक बारीक गोष्ट: बाहेर ‘इट्स गेटिंग लेट’ म्हणजे रात्र होत चालली. आपल्याला उशीर होतोय हे ‘आयम रनिंग लेट’.)

बिलाँग-कंटेनसाठी दुसरी साधी कसोटी: ‘ही क्रिया मध्येच थांबवता येईल का?’ जेवण थांबवता येतं, लिहिणं थांबवता येतं. पिशवी कुणाची असणं थांबवता येत नाही.

अनुस्वार

त्याच कसोटीने दुहेरी क्रियापदंही सुटतात. तीच क्रियापदं, अर्थ बदलला की आयएनजी घेतात.

थिंक: मला वाटतं – ‘आय थिंक’. मी विचार करतोय – ‘आयम थिंकिंग’. मराठीत क्रियापदच वेगळं आहे, त्यामुळे इथे चुकायला जागाच नाही.

हॅव: मालकी, नातं, आजार असेल तर आयएनजी नाही. ‘आय हॅव अ कार’, ‘आय हॅव अ कोल्ड’. खाणं, आंघोळ, बैठक असेल तर हो. ‘वी आर हॅविंग लंच’, ‘शी इज हॅविंग अ बाथ’. आणि ‘आयम हॅविंग अ डाउट’ कृपया सोडा. ‘आय हॅव अ क्वेश्चन’.

टेस्ट, वेइ: आमटी खारट लागतेय – ‘द आमटी टेस्ट्स सॉल्टी’. आचारी चव घेतोय – ‘द कुक इज टेस्टिंग इट’. पोतं पन्नास किलोचं आहे – ‘द सॅक वेइज फिफ्टी किलोज’. दुकानदार वजन करतोय – ‘इज वेइंग’.

सी: दिसणं असेल तर नाही, भेट ठरली असेल तर हो. ‘आयम सीइंग द डॉक्टर ॲट फाइव्ह’. वेळ-काळ न सांगता ‘आयम सीइंग हर’ म्हटलंत तर ऐकणारा लग्नाचं कधी विचारेल.

बी: ‘ही इज रूड’ म्हणजे तो उद्धटच आहे, स्वभावाने. ‘ही इज बीइंग रूड’ म्हणजे आत्ता उद्धटपणा करतोय. मराठीत ‘आहे’ आणि ‘करतोय’ हा फरक असतोच, इंग्रजीत तो बीइंगने होतो.

उंबरठा

कुणी कर्मणी प्रयोगाबद्दल लिहील का? ‘रोड इज रिपेअरिंग’ की ‘रोड इज बीइंग रिपेअर्ड’? आणि मग ‘राइस इज कुकिंग’ बरोबर कसं? भात काही स्वतः स्वयंपाक करत नाही.

तिरकस_रेघ

हा प्रश्न मराठी माणसानेच विचारावा असा आहे, कारण उत्तर आपल्या क्रियापदांच्या जोड्यांत आहे. शिजणे–शिजवणे, उकळणे–उकळवणे, उघडणे (दार उघडतं)–उघडणे (मी दार उघडतो). इंग्रजीत कुक, बॉइल, ओपन ही क्रियापदं दोन्ही बाजूंनी चालतात. ‘भात शिजतोय’ – ‘द राइस इज कुकिंग’. ‘पाणी उकळतंय’ – ‘द वॉटर इज बॉइलिंग’. ‘दार उघडतंय’ – ‘द डोअर इज ओपनिंग’. अगदी शुद्ध.

रिपेअरला मात्र ही अकर्मक बाजू नाही. रस्ता दुरुस्त ‘करतात’, तो आपसूक दुरुस्त ‘होत’ नाही. म्हणून ‘द रोड इज बीइंग रिपेअर्ड’. इज, बीइंग आणि क्रियापदाचं तिसरं रूप, तिन्ही हवीत. याच साच्यात: ‘युअर कॉल इज बीइंग रेकॉर्डेड’, ‘द बिल इज बीइंग प्रिंटेड’, ‘ब्रिज इज बीइंग बिल्ट’.

गंमत म्हणजे अठराव्या शतकातले इंग्रज ‘द हाउस इज बिल्डिंग’ असंच म्हणत, अर्थ ‘घर बांधलं जातंय’. ‘इज बीइंग बिल्ट’ हे रूप त्या शतकाच्या अखेरीला रुळायला लागलं आणि एकोणिसाव्या शतकातले व्याकरणवाले त्यावर बराच काळ नाक मुरडत होते. आज तेच प्रमाण.

नदीकाठ

‘तीन वर्षांपासून इथे काम करतोय’ याचं काय? मराठीत तर ते आजही चालू आहे.

दुपारचा_चहा

चालू आहे, पण सुरुवात मागे आहे. मराठीत ‘-पासून’ लावून काम भागतं, इंग्रजी क्रियापदातच ती मागची बाजू दाखवायला लावते. ‘आयम वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स’ यात दोन चुका: ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर थ्री इयर्स’. किती काळ असेल तर फॉर, केव्हापासून असेल तर सिन्स (सिन्स मंडे, सिन्स २०२१). वाक्यात ‘-पासून’ किंवा ‘इतकी वर्षं’ आलं की हा धागा सोडून शेजारच्या धाग्यात जायचं.

मुलाखतीत आणखी एक. ‘वडील काय करतात?’ याला ‘माय फादर इज वर्किंग इन अ बँक’ असं उत्तर आपल्याकडे सर्रास मिळतं. कायमची नोकरी असेल तर ‘वर्क्स’. इज वर्किंग म्हणजे तात्पुरतं, सध्यापुरतं. ‘आय लिव्ह इन नाशिक’ आणि ‘आयम लिव्हिंग इन नाशिक’ यांतही तोच फरक: दुसऱ्यात ऐकणाऱ्याला वाटतं, मूळ गाव दुसरं आहे.

उंबरठा

पण हे खरंच ‘चूक’ म्हणायचं का? भारतीय इंग्रजीत सगळेच असं बोलतात आणि सगळ्यांना कळतं.

तिरकस_रेघ

कळतं, वादच नाही. आयएनजीचा सढळ वापर ही भारतीय इंग्रजीची ओळख म्हणून भाषेचे अभ्यासक नोंदवतात. शिवाय खुद्द इंग्रजीतही हद्द हलते आहे. मॅकडोनल्ड्सने २००३ पासून ‘आयम लव्हिन इट’ अशी जाहिरात चालवली आहे. घरी-दारी बोलताना काही बिघडत नाही. पण आयएल्ट्ससारखी परीक्षा, परदेशी ग्राहक, कामाचा अर्ज इथे ऐकणाऱ्याला वेगळा अर्थ लागतो किंवा गुण जातात. दोन्ही रूपं माहीत असावीत आणि कुठे कोणतं ते कळावं.

अनुस्वार

भविष्यासाठीचा वापर राहिला. इथे मराठी आपल्याला चक्क मदत करते: ‘उद्या येतोय’ – ‘आयम कमिंग टुमॉरो’. ठरलेलं असेल तर दोन्ही भाषांत चालू काळच. फक्त तीन ठिकाणी सांभाळा.

वेळापत्रक असेल तर साधा वर्तमानकाळ. ‘द डेक्कन क्वीन लीव्ह्ज पुणे ॲट ७.१५’. गाडी सुटते, प्रवासी मात्र ‘आयम लीव्हिंग’.

जे कुणी ठरवू शकत नाही त्याला चालू काळ नको. ‘इट इज रेनिंग टुमॉरो’ म्हणजे पावसाने डायरीत नोंद केल्यासारखं. ‘इट इज गोइंग टु रेन’.

आणि ‘गॉना’ हे गोइंग टुचं बोलण्यातलं रूप पुढे क्रियापद असेल तरच. ‘आयम गॉना ईट’ चालेल, ‘आयम गॉना मुंबई’ नाही.

आतून कुणी हाक मारली की आपण ‘आलो, आलो!’ म्हणतो, भूतकाळात. तिथे ‘आय केम’ म्हणू नका, ‘कमिंग!’ एवढंच. आणि बस वळणावर दिसली की ‘आली बस!’ याला चालू काळ नाहीच, ‘हिअर कम्स द बस’.

‘करत असतो’ याला दोन वाटा. नुसती सवय असेल तर साधा काळ. वैताग असेल (‘सारखा कुरकुर करत असतो’) तर ‘ही इज ऑलवेज कम्प्लेनिंग’. इथे ऑलवेज गाळलंत तर वैताग जातो, फक्त आत्ताची कुरकुर उरते.

नदीकाठ

प्रश्न करताना ‘व्हॉट यू आर डूइंग?’ तोंडात बसलंय. सोपी युक्ती?

फळाखडू

मराठीत प्रश्न करताना शब्द हलत नाहीत, शेवटी ‘का’ येतो किंवा नुसता सूर बदलतो. म्हणून ‘आर’ जागचं हलवायचं सुचत नाही. सराव असा करा: आधी प्रश्नशब्दाशिवाय ‘आर यू गोइंग?’ पक्कं करा, मग त्याच्या पुढ्यात व्हेअर, व्हाय, व्हेन एकेक ठेवा. तुकडा फोडायचा नाही. कर्ताच विचारायचा असेल तर काही हलत नाही: ‘हू इज कमिंग?’

वाक्याच्या पोटात प्रश्न गेला की मात्र उलट होतं: ‘टेल मी व्हॉट यू आर डूइंग’. इथे तुमचं जुनं तोंडातलं रूप बरोबर ठरतं. आणि ‘डू यू गोइंग?’ कधीच नाही. डू आणि आयएनजी एका वाक्यात दिसले की थांबून बघा. डू कर्त्याच्या आधी आणि आयएनजीवालं क्रियापद कर्त्याला लागूनच आलंय का? मग एक काढा.

छोट्या उत्तरात ‘येस, आय ॲम’ पूर्ण म्हणायचं, ‘येस, आयम’ असं तोडून थांबत नाहीत. नकारात ‘नो, आयम नॉट’ चालतं.

दुपारचा_चहा

उच्चाराबद्दल एकच. देवनागरीत ‘गोइंग’ लिहिलं की आपण शेवटी ठसठशीत ‘ग’ म्हणतो. प्रमाण इंग्रजीत तो बहुधा नसतो. ‘रंग’ हा शब्द हळू म्हणा आणि जीभ ‘ग’वर सुटायच्या आत थांबा, तिथे जो नाकातला आवाज उरतो तोच. सिंगरमध्ये ग नाही, फिंगरमध्ये आहे.

उंबरठा

शेवटचं. इझन्ट आहे, आरन्ट आहे, मग ‘ॲमन्ट’ का नाही? ‘आयम लेट, …?’ याचं पुढे काय लावायचं?

अनुस्वार

प्रमाण इंग्रजीत ‘ॲमन्ट’ वापरत नाहीत, स्कॉटलंड-आयर्लंडच्या बोलीत ऐकू येतं. तिथे आरन्ट उसनं घेतात: ‘आयम लेट, आरन्ट आय?’ ऐकायला विचित्र, पण हेच बरोबर. फक्त प्रश्नात. सरळ वाक्यात ‘आय आरन्ट’ नाही, ‘आयम नॉट’.